आज किल्ला कसा दिसतोय

६ मार्च

बायकोने, अ‍ॅव्हरिलने, ही वही आणून दिली. बिनरेघांची, मोठ्या पानांची. सोबत ठसठशीत उमटणारं काळं पेन. म्हणाली, "दिवसभर माझ्या मागे मागे फिरून कुरकुरण्यापेक्षा यात लिही. वही तरी उठून स्वयंपाकघरात जात नाही."

लिहितोय खरा, पण अक्षर पानावर कुठे उतरतंय ते धड कळत नाही. ज्या जागी बघावं नेमकं तिथेच धुकं. कडेला मात्र सगळं जागच्या जागी आहे. खिडकीची चौकट, चहाची किटली, अ‍ॅव्हरिलचं कोपर.

डॉर्चेस्टरच्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय, दोन्हीकडे. ठार आंधळा होणार नाही, पण झिजलेलं भरून येणार नाही. बस चालवणं बंद, आजपासूनच. बाई तरुण होत्या. हे सांगताना त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि तो उचलायची घाई केली नाही. त्यांचे आभार मानायचे राहून गेले.

९ मार्च

अ‍ॅव्हरिलला बजावून सांगितलं की डोळ्यांचं कोणाला कळता कामा नये. लँग्टनसारख्या गावात एकाला सांगितलं की दुपारपर्यंत पाववाल्याकडे चर्चा. मग लोक माझ्याशी मोठ्याने बोलायला लागतील, जणू डोळे गेले म्हणजे कानही गेले. माझी पाठ धरलीये असं सांगणार. ती बटाटे सोलत होती. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

तिसऱ्या प्रहरी रॉय स्टिकलंड आला. पर्यटकांना आमचा हा परबेकचा किनारा फिरवणारी बस त्याची. इतकी वर्षं चालवली मी. त्याला पाठीची कथा सांगितली, मध्ये एकदोनदा कण्हलोसुद्धा. रॉयने सफरचंदाच्या केकचे दोन तुकडे संपवले, मग म्हणाला, "पाठ गेली तर गेली. जीभ शाबूत आहे ना तुझी?"

त्याचं म्हणणं असं की टॅमझिन बस चालवेल आणि मी पुढच्या सीटवर माइक घेऊन बसायचं. लोक किल्ला बघायला येतात हे खरं, पण पुन्हा येतात ते तुझ्या गप्पांसाठी, म्हणाला. मी विचार करायला वेळ मागितला नाही, हो म्हटलं. तो फाटकाबाहेर पडल्यावर मात्र प्रश्न पडला. जे मला दिसत नाही ते दुसऱ्याला कसं दाखवणार? मग वाटलं, उभा जन्म बघितलंय सगळं. कॉर्फचा किल्ला काही उठून वेरहॅमला जात नाही. स्वॉनेजचा धक्का, टाइनमचं ओसाड गाव, ओल्ड हॅरीचे समुद्रातले पांढरे सुळके, सगळं माझ्या डोक्यात पक्कं आहे.

रात्री जेवणानंतर अ‍ॅव्हरिल फोनवर बराच वेळ बोलत होती. चर्चमधल्या फुलांच्या पाळ्या ठरवायच्या होत्या म्हणे.

२ एप्रिल

पहिली फेरी पार पडली. देवाची कृपा.

टॅमझिन ही दगडखाणवाल्या हेसमची मुलगी. बस चालवायला मीच शिकवलं तिला. दिवसभरात दहा वाक्यं बोलली तर पुष्कळ, असा तिचा खाक्या. आज काय झालं होतं कोण जाणे, पोपटासारखी बोलत होती. "आलं बघ हर्स्टनचं वळण." "गाडी स्टेशनात उभी आहे, हिरवं इंजिन." "किल्ल्यावर आज कावळेच कावळे." तिच्या वाक्याला धरून मी पुढे सुरू व्हायचो. राजाच्या फौजेने सुरुंग लावून बुरूज कसे पाडले वगैरे. खरं तर राजाच्या नव्हे, पार्लमेंटच्या. चुकलो, पण टॅमझिनने लगेच खोकून सावरून घेतलं.

कोणाला काही कळलं नाही. घरी येऊन अ‍ॅव्हरिलला म्हणालो, माझ्यात नट होता, वाया गेला. ती म्हणाली, "वाया कुठे गेला. रोज बघते की."

१९ एप्रिल

गर्दी वाढलीये. ईस्टरला आलेली माणसं अजून रेंगाळलीत.

काही गोष्टी आपसूक सोप्या झाल्यात, त्याबद्दल कृतज्ञ राहायला हवं. बसच्या पायऱ्यांच्या कडांना रॉयने झगझगीत पिवळा रंग लावून घेतलाय. सरकारी नियम आलाय म्हणतो. मला तो नजरेच्या कडेने लख्ख दिसतो. नियम करणाऱ्यांना आयुष्यभर शिव्या घातल्या, पण हा एक त्यांनी बरा केला.

आणि कॉर्फमधलं मिसेस लँडरचं चहाघर, फेरीत आम्ही थांबतो ते. मिसेस लँडर पूर्वी माणसाकडे न बघता कप आपटून जायच्या. हल्ली माझ्याजवळ येतात, म्हणतात, "चहा तुमच्या उजव्या हाताला, केक डावीकडे," आणि कपाचा कान माझ्याकडे करून तो ठेवतात. टेबलही तेच, दारालगतचं, नेहमी रिकामं. धंदा मंदावला की माणसाला अदब येते बहुतेक.

११ मे

ओल्ड हॅरीपर्यंत चालत जायच्या फेऱ्या सुरू झाल्या. स्टडलंडला बस उभी करायची आणि गवताळ पठारावरून कड्याच्या टोकापर्यंत मंडळींना न्यायचं. पूर्वी टॅमझिन बसमध्येच बसून सँडविच खायची. आता ती आमच्या मागोमाग येते. डॉक्टरने चालायला सांगितलंय म्हणे. एवढी धडधाकट बाई, पण आतून काय असेल कोणी सांगावं. मी खोदून विचारलं नाही. तिला म्हणालो, "हळू चाल, मी आहे पुढे." ती म्हणाली, "हो, तूच आहेस पुढे, म्हाताऱ्या."

वाट मला पायांनी कळते. पांढरी चुनखडी कडेने दिसते, दोन बाजूंना हिरवं. टोकाजवळ वाट फुटते. उजवीकडची कड्याला लागून जाते, तिथून सुळके जवळ दिसतात. पण टॅमझिन दर खेपेला डावीकडे वळवते. उजवीकडे चिखल आहे म्हणते. महिनाभर पाऊस नाही, चिखल कुठून येतो देव जाणे. वाद घातला नाही. तिच्या बुटांची तिला काळजी.

३० मे

आज मन खट्टू होतं. सकाळी आरशात बघितलं तर मला चेहराच नव्हता. कान होते, केस होते, मध्ये कोणी नाही. दाढी करताना हसलो तर ते हसूही दिसलं नाही.

अ‍ॅव्हरिलने विचारलं काय झालं. काही नाही म्हणालो. तिने गालावर राहिलेला साबण टॉवेलने पुसला.

पण दुपारी माझी गोष्ट ऐकून एक डच म्हातारा इतका हसला की त्याची टोपी खिडकीतून उडाली. टॅमझिनने बस थांबवली, सगळे उतरून कुंपणात टोपी शोधायला लागले. मीही शोधल्यासारखं केलं. दिवस बरा गेला म्हणायचा.

१४ जून

अक्षर लागलं नाही तर नाही लागलं.

डर्बीहून गायकमंडळी आली होती, सगळी साठीच्या पुढची. बसमध्ये सारखी गात होती. ओल्ड हॅरीला निघालो तेव्हा समुद्रावरून पातळ धुकं चढत होतं. मी मनात म्हटलं, आता तुम्ही आणि मी सारखेच. त्यांच्यातल्या मिसेस पेल यांनी माझा हात धरला होता. ठेंगण्या, बोलक्या बाई. नवऱ्याबरोबर लग्नानंतर इथेच आल्या होत्या म्हणाल्या, तो कडा पुन्हा एकदा बघायचाय.

वाट फुटते तिथे पोचलो तेव्हा टॅमझिन बरीच मागे होती. कोणाच्या तरी बुटाची नाडी तुटली होती. मला वाटलं, या बाईंना लांबून काय दाखवायचं. उजवीकडून नेऊ. माझ्या पायाखालची वाट. एक दोरी आडवी होती, ती मांडीला लागली. मेंढ्यांसाठी बांधली असेल म्हणून मी ती उचलली आणि बाईंना खालून जायला मदत केली. हे लिहिताना अंगावर काटा येतोय.

पंधरा-वीस पावलं गेलो असू. बाई नवऱ्याबद्दल काहीतरी सांगत होत्या. मागून टॅमझिनचा आवाज आला. ओरडली नाही. एवढा सपाट आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता.

"लायनेल, पाय उचलू नकोस. मिसेस पेल, तुम्हीही."

मी थांबलो. बुटाखालचा एक खडा निसटला. तो खाली पडल्याचा आवाज येईल म्हणून वाट पाहिली. आला नाही.

तिने मागून माझ्या कोटाची कॉलर धरली, दुसऱ्या हाताने बाईंचा दंड, आणि आम्हाला एक एक पाऊल मागे घेतलं. दोरीच्या अलीकडे आल्यावर ती गवतावर मटकन बसली. मी विचारलं काय झालं. ती म्हणाली, "ती वाट नाहीये आता. जानेवारीत कोसळली. दोन पावलांपुढे हवा होती."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"दर खेपेला सांगितलं. चिखल आहे म्हणून."

मला सगळं एका क्षणात कळलं, पण तिच्या तोंडून वदवून घ्यायचं होतं. तुला कधीपासून माहीत आहे, विचारलं. ती म्हणाली, "तू रॉयसमोर पाठीचं नाटक केलंस ना, त्याच रात्री अ‍ॅव्हरिलचा फोन आला. रॉयला आधीच कळलं होतं. त्याने केकचा तुकडा तुझ्यापुढे धरला होता, तू बशीला हात लावून शोधत होतास."

मिसेस पेल यांना आता सगळं उमगलं असणार. परत येताना मला वाटलं त्या दूर होतील. त्यांनी उलट बाजूने येऊन माझा हात पुन्हा धरला, म्हणाल्या, "आता मी तुम्हाला नेते." बसपर्यंत सोडला नाही. मंडळी परतीच्या वाटेवर गायली नाहीत.

१५ जून

अ‍ॅव्हरिलशी बोललो नाही. रॉयला निरोप पाठवला की मला सोड.

१८ जून

आज भांडण झालं. व्हायलाच हवं होतं.

मी म्हणालो, तू मला अख्ख्या गावाचं खेळणं केलंस. सगळे दोऱ्या ओढत होते आणि मी समजत होतो की मी नाचतोय. मिसेस लँडरची अदब, पिवळा रंग, टॅमझिनची बडबड, एकूण एक तुझं कारस्थान. मला म्हणे सरकारी नियम.

अ‍ॅव्हरिल कपड्यांच्या घड्या करत होती. करतच राहिली. म्हणाली, "रंग रॉयचा. मी फक्त टॅमझिनला सांगितलं. बाकीच्यांना मी सांगितलं नाही, त्यांना दिसलं. त्यांचे डोळे चांगले आहेत."

"मी नको म्हणालो होतो."

"हो. आणि मी तुझं ऐकलं असतं तर आज दुखवट्याचा काळा झगा इस्त्री करत बसले असते." तिचा आवाज तिथे फुटला. इतक्या वर्षांत मी तो तसा ऐकलेला नाही. मग ती म्हणाली, "मला तुला घरात बसवून सांभाळता आलं असतं, लायनेल. पण तू खुर्चीत बसून वाळत जाशील ते मला बघवलं नसतं. मला तर दिसतं ना."

मी उठून तिच्याकडे गेलो. घडी केलेला टॉवेल माझा हात लागून पडला. दोघांनीही उचलला नाही.

२७ जून

त्या दिवसापासून घराबाहेर पडलो नाही. मान खाली घालायला लावते ती फसवणूक नाही, मिसेस पेल यांचा हात. लोकांनी मला फसवलं ते माझ्या भल्यासाठी. मी त्या बाईंना दोरीखालून नेलं ते कशासाठी? मला सगळं येतं हे दाखवायला. नवऱ्याच्या आठवणीने आलेली बाई, आणि मी तिला.

पुढे लिहवत नाही.

मिसेस लँडरनी केक पाठवलाय. बरोबर निरोप, टेबल रिकामं आहे. खरोखरच रिकामं ठेवत होत्या तर. शनिवारच्या गर्दीत, दोन-दोन तास. माणसं उभी राहून चहा पीत होती आणि त्या कोणाला तिथे बसू देत नव्हत्या. मला वाटत होतं धंदा मंदावलाय. पुष्कळ वेळ हसलो. मग हसू थांबलं तरी डोळे वाहत राहिले. रडायला ते अजून चांगले आहेत.

३ जुलै

अ‍ॅव्हरिलने आज ऐकलंच नाही. टोपी माझ्या डोक्यावर ठेवली आणि दुमजली बसमध्ये वर, अगदी पुढे नेऊन बसवलं. बोर्नमथला तिला बूट घ्यायचे होते म्हणे. बूट काही घेतले नाहीत.

शेल बेच्या किनाऱ्याला साखळीची फेरीबोट लागते. बस थेट बोटीवर चढते आणि बोट साखळ्यांना धरून सरकत पलीकडे जाते. त्या बोटीबद्दल मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो. साखळ्या किती लांब, कधी बदलतात, सगळं. आज मी गप्प होतो. खालून साखळीचा खडखडाट येत होता.

अ‍ॅव्हरिलच बोलायला लागली. तिला वर्णन वगैरे करता येत नाही. बाजारातून आल्यावर भाव सांगावेत तसं बोलते. "पलीकडच्या श्रीमंतांनी आणखी एक घर बांधलंय. भिंतभर काच. आत एक कुत्रा सोफ्यावर उताणा पडलाय, चारी पाय वर. सोफा पांढरा आहे. मोलकरीण आली, कुत्र्याकडे बघितलं, गेली."

मी इतका हसलो की पुढच्या काचेला कपाळ आपटलं. एवढ्या वेळा ही खाडी ओलांडली, पण त्या घरांच्या आत कधी बघितलं नव्हतं. रस्त्याकडे बघायचो.

मग मी एक केलं. पलीकडच्या बाकावर कोणीतरी तरुण बाई बसली होती, तिच्याकडे वळून म्हणालो, "माफ करा, मला नीट दिसत नाही. ब्राउन्सी बेटाकडे आज काय आहे?" हे वाक्य परक्या माणसासमोर पहिल्यांदा तोंडातून निघालं. ती म्हणाली, "थांबा हं, चष्मा घालते." आणि चष्मा घालून सांगायला लागली. शिडाच्या होड्या आहेत, एक लाल शिड सगळ्यांच्या उलट चाललंय, कोणीतरी त्याला ओरडतंय. तिकडचा किनारा येईपर्यंत सांगत होती. उतरताना तीच मला धन्यवाद म्हणाली. कशाबद्दल ते कळलं नाही.

अ‍ॅव्हरिल माझा हात धरून बसली होती. तिने दोनदा नाक ओढलं.

१० जुलै

रॉयकडे गेलो. म्हटलं, परत येतो, पण नाटक नाही. बसमध्ये बसल्या बसल्या सगळ्यांना माझ्या डोळ्यांचं सांगणार. कड्यांवर मी जाणार नाही, तिथे टॅमझिन नेईल. आणि मी लोकांना सांगण्याऐवजी कधी कधी त्यांनाच विचारेन, ते खपवून घ्यायचं.

रॉय म्हणाला, "पैसे देऊन आलेल्यांना तू कामाला लावणार?"

मी म्हटलं, हो.

मग रॉय म्हणाला, तुझ्या हातात पुन्हा माइक द्यायचा म्हणजे मला आधी टॅमझिनला विचारलं पाहिजे, त्या दिवशी सगळ्यात जास्त तीच घाबरली होती. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी तिच्याकडे तिथूनच गेलो. ती बस धूत होती. तिचे आभार मानले, म्हणजे मानायला सुरुवात केली. तिने ओला स्पंज माझ्या हातात दिला, म्हणाली, "खालची बाजू तुझी. डाग राहिला तर मी सांगेन." तासभर आम्ही दोघे बस धूत होतो. मधेच ती म्हणाली की त्या रात्री तिला झोप आली नव्हती. दुसऱ्या रात्रीही नाही. मी म्हटलं, मला माहीत नव्हतं. ती म्हणाली, "आता माहीत झालं. वरती फेस राहिलाय."

१६ जुलै

आज पुन्हा माइक हातात घेतला. अकरा माणसं होती, बर्मिंगहॅमची बरीचशी. म्हणालो, माझं नाव लायनेल बॉन्फील्ड, जन्म इथलाच. पुढच्या रस्त्यावरचं सगळं मला पाठ आहे आणि त्यातलं काहीही मला दिसत नाही. कोणीतरी खोकलं. मला वाटलं, चुकलो, उतरून जावं.

कॉर्फचं वळण आलं. टॅमझिन मुद्दामच काही बोलली नाही. मी विचारलं, "आज किल्ला कसा दिसतोय?"

मग मागून एक जाड आवाज आला. माणूस निवृत्त पाववाला होता, नंतर कळलं. म्हणाला, "उंदरांनी पोखरलेल्या पावासारखा."

सगळे हसले. त्याच्या बायकोने त्याला गप्प केलं, म्हणाली, असं काही नाही, ती टेकडी म्हणजे कोणी बाई पाठमोरी बसलीये आणि किल्ला तिने डोक्यावर घेतलाय. तिसरा म्हणाला, डावीकडचा बुरूज झुकलाय, पडायला निघाला आणि मध्येच विसरला. वाद सुरू झाला. झुकलाय किती, पाव की बाई. मी मधेमधे सुरुंगाची गोष्ट घालत होतो, फौजही बरोबर सांगितली. मिसेस लँडरकडे पोचलो तेव्हा सगळी एकमेकांना नावाने हाक मारत होती.

अ‍ॅव्हरिलला सांगितलं. ती म्हणाली, "पाववाला बरोबर आहे."

२२ ऑगस्ट

डर्बीची मंडळी पुन्हा आली. मिसेस पेल यांनीच सगळ्यांना आणलं. मी जूनमधल्या गोष्टीबद्दल माफी मागितली, अडखळत, बसच्या पायरीवर. त्या म्हणाल्या की नवऱ्याबरोबर त्या कड्यावर गेल्या होत्या तेव्हा त्यालाही वाट माहीत आहे असंच वाटायचं, आणि तेव्हाही त्या त्याच्या मागे निघाल्या होत्या. मग टॅमझिनबरोबर ओल्ड हॅरीला गेल्या, डावीकडच्या वाटेने. मी बसमध्ये थांबलो. वाऱ्यावरून त्यांचं गाणं ऐकू येत होतं. टोकावर उभं राहून सगळे गात होते. सुळक्यांच्या बाजूने समुद्रपक्षी ओरडत होते. मी खिडकी पूर्ण खाली घेतली.

१७ सप्टेंबर

डॉर्चेस्टरला तपासणी झाली. धुकं थोडं पसरलंय. डॉक्टरीणबाई त्याच होत्या. या वेळी मी आधी आभार मानले, मग बसलो. त्या गोंधळल्या, कशाबद्दल विचारलं. हातासाठी, म्हणालो. त्यांना आठवत नव्हतं.

भीती वाटत नाही असं नाही. पहाटे जाग येते तेव्हा वाटतेच. अ‍ॅव्हरिलचा चेहरा आता मला तिच्या शेजारी बघितल्यावरच दिसतो. थेट बघितलं की ती नाही. म्हणून मी तिच्याशी बोलताना खिडकीकडे बघतो. परवा ती म्हणाली, लग्न झाल्यापासून तू माझ्याकडे एवढं कधी बघितलं नव्हतंस.

२९ ऑक्टोबर

हंगामातली शेवटची फेरी. सहाच माणसं. स्कॉटलंडचं एक जोडपं, दोघी बहिणी आणि एकटाच आलेला शिंपी. अ‍ॅव्हरिलही होती, तिकीट काढून. रॉय नको नको म्हणत होता, तिने ऐकलं नाही.

परतताना टॅमझिनने नेहमीचा रस्ता सोडला आणि बस किंग्स्टनच्या चढावर घेतली. का, विचारलं तर तिने गिअर बदलला. तिथून खाली अख्खी दरी दिसते, पलीकडे किल्ला. उन्हं उतरली असावीत. माझ्या उजव्या गालावर ऊब होती आणि नजरेच्या कडेला सगळं केशरी. ती थांबली, इंजिन बंद केलं.

मी माइक घेतला, विचारलं, "आज किल्ला कसा दिसतोय?"

कोणी बोललं नाही. बहिणी बोलल्या नाहीत, ज्या सकाळपासून थांबल्या नव्हत्या. शिंपी उठून उभा राहिल्याचा आवाज आला. अ‍ॅव्हरिलने माझ्या खांद्यावर हात ठेवला, तीही काही बोलेना. खालून दरीतून आगगाडीची शिट्टी आली, मग तीही विरली. मला वाटलं, मी विचारलेलं ऐकू गेलं नाही. माइक तोंडाशी नेला, पुन्हा विचारणार होतो.

टॅमझिन म्हणाली, "सांगता येणार नाही, लायनेल."

मी माइक खाली ठेवला. ती स्टिअरिंगवर हात ठेवून बसली असावी. बराच वेळ गेला. मग तिने खाकरून घसा साफ केला आणि हळूहळू, शब्द शोधत, सांगायला लागली.